टेबलाच्या त्या टोकाला

४ जानेवारी

प्रिय मामा,

फोन केला की मामी म्हणते, "तो शेडमध्ये आहे, हात भरलेत." गेली दोन वर्षं तुझे हात भरलेलेच आहेत. म्हणून आता कागद पाठवते. निदान तो धरायला तरी हात पुसशील.

बातमी अशी, की मला काम मिळालंय. माझं स्वतःचं, कुणाच्या हाताखालचं नाही. एका कंपनीचं नवं ऑफिस आखून द्यायचंय, ती पाण्याच्या नळांचे नकाशे बनवते. जमिनीखालून कुठला नळ कुठून कुठे जातो, व्हॉल्व्ह कुठे आहे, असलं सगळं. चाळीस माणसं. आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतात, दोन दिवस ऑफिसात येतात. पाच-सहा जण परगावी राहतात, ते येतच नाहीत. नुसते स्क्रीनवर दिसतात.

मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणतात. त्या मला म्हणाल्या, "लोक दीड-दीड तास प्रवास करून येतात, कानात हेडफोन घालून बसतात आणि संध्याकाळी निघून जातात. शेजारच्याला काही विचारायचं तरी मेसेज करतात. मग येतात कशाला? मला अशी जागा करून द्या, की आल्यावर एकमेकांशी बोलावंसं वाटेल."

आराखडा सोबत पाठवतेय. मधल्या सगळ्या भिंती काढल्यात. एकच मोठा हॉल, समोर काच, फॉल्स सीलिंग न लावता छत उघडं. खिडकीपाशी टांगत्या खुर्च्या. आणि मधोमध अठरा फुटांचं एकच टेबल, सगळ्यांनी एकत्र बसायला. समोरच्या भिंतीवर वरती मोठा स्क्रीन.

ते टेबल तू करावंस, असं मला फार वाटतंय. नाही म्हणू नकोस.

मामीला नमस्कार. ती अजून तुझ्या शर्टातून भुसा झटकत असेल, तर तिला माझी सहानुभूती कळव.

तुझी भाची


१२ जानेवारी

प्रिय फूटपट्टी,

(तू पाच वर्षांची असताना मांजर मोजायला गेली होतीस आणि बोचकारून घेतलं होतंस. तेव्हापासूनचं नाव आहे, आता बदलत नाही.)

आराखडा पाहिला. रेघा सुरेख आहेत. तुझ्या कामाचा आनंद झाला, मामीला तर इतका झाला की तिने शेजारी जाऊन सांगितलं आणि दोन तास परत आली नाही.

आता माझे प्रश्न. अठरा फुटांच्या टेबलाच्या या टोकाला बसलेल्या माणसाने त्या टोकाच्या माणसाशी बोलायचं कसं? ओरडून? आणि मधल्याने काय करायचं, टेनिस बघितल्यासारखी मान हलवायची? उघडं छत, काच आणि फरशी म्हणजे आवाज पडणार कुठे? आणि ते पाच-सहा जण येतच नाहीत म्हणतेस, ते या आराखड्यात कुठे बसलेत? मला सापडले नाहीत. चष्मा लावून शोधले.

मी एखाद्याचं स्वयंपाकघर करायला घेतलं, की आधी दोन दिवस तिथे नुसता बसतो. बाई कुठे उभी राहते, काय घ्यायला वाकते, कशावर चिडते, ते बघतो. तू त्या माणसांबरोबर बसलीस का? मोजपट्टी घरी ठेवून एक आठवडा बस. मग टेबलाचं बोलू.

मामा


२० जानेवारी

मामा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. "मग टेबलाचं बोलू" म्हणजे नाही, हे मला कळतं.

मॅडमनी आराखडा मंजूर केलाय. कामाला सुरुवात झाली. आठवडाभर नुसतं बसायला वेळ नाही, एप्रिलच्या आत जागा ताब्यात द्यायचीय. टेबल इथलाच एक कारखाना करून देतोय. तू तसदी घेऊ नकोस.

एक बोलून टाकते. तुझ्या शेडमध्ये काम शिकायचं सोडून मी कॉम्प्युटरवर रेघा ओढायला गेले, ते तुला रुचलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरची माणसं जेवायला जमली होती, त्या दिवशी तू कुणाशी धड बोलला नाहीस आणि हात धुऊन सरळ निघून गेलास. त्यानंतर फोन नाही की काही नाही. आता माझ्या पहिल्या कामातही खोडच काढलीस. एकदा तरी "छान आहे" एवढंच म्हणून थांबला असतास, तर काय बिघडलं असतं?

भाची


२९ जानेवारी

प्रिय फूटपट्टी,

रेघा सुरेख आहेत असं लिहिलं होतं. पत्र पुन्हा बघ, दुसऱ्या परिच्छेदात आहे.

टेबल कुणीही करो. लाकूड पुरतं वाळलंय ना तेवढं बघून घे, नाहीतर उन्हाळ्यात फळी वाकेल.

मामी म्हणते, काम मन लावून कर आणि वेळेवर जेव.

मामा


३ एप्रिल

प्रिय मामा,

दोन महिने लिहिलं नाही. आधी रागाने लिहिलं नाही आणि मग लाजेने.

ऑफिस पंधरा मार्चला सुरू झालं. पहिला आठवडा सगळे टांगत्या खुर्च्यांत बसून फोटो काढत होते. मी आनंदात. दुसऱ्या आठवड्यात हॉलमध्ये चमचा पडला तरी सगळ्यांच्या माना वळायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात मी गेले, तर अठरा फुटांच्या टेबलाशी तीन माणसं बसलेली, तिन्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत, तिघांच्याही कानांत हेडफोन. बाकीचे? दोघं जिन्यात. एक बाई सामानाच्या खोलीत खोक्यावर बसून फोनवर बोलत होती. दोघं म्हणे महत्त्वाचं बोलायचं असलं की लिफ्टने खाली-वर करतात. मी त्यांना बोलायला जागा दिली आणि ते बोलायला लिफ्टमध्ये जातात, मामा!

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण पुढचं नाही नेता येत.

परगावी राहणाऱ्यांपैकी एक बाई आहे, तिला सगळे तपासनीसबाई म्हणतात. बारा वर्षं कंपनीत आहे. नवऱ्याची बदली झाली म्हणून दुसऱ्या गावी गेली, आता घरूनच काम करते. प्रत्येक नकाशा बाहेर जायच्या आधी तिच्या नजरेखालून जातो. पूर्वी म्हणे ती मीटिंगमध्ये सगळ्यांना सळो की पळो करायची. नव्या जागेत मीटिंगा सुरू झाल्या आणि ती गप्पच झाली. गेल्या महिन्यात एक नकाशा चुकीचा गेला. व्हॉल्व्ह रस्त्याच्या डाव्या बाजूला होता, नकाशात उजव्या. माणसांनी दिवसभर उजवी बाजू खणली आणि अर्ध्या वस्तीचं पाणी दोन दिवस बंद राहिलं. सगळे म्हणाले, तपासनीसबाईचं लक्ष उडालंय. परवा तिने राजीनामा पाठवला.

मी काल त्यांच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसले होते. ती स्क्रीनवर वर टांगलेली, छोट्याशा चौकटीत. इथे कुणीतरी विनोद केला, सगळे हसले. तीही हसली, पण सगळ्यांच्या नंतर, क्षणभराने. ते का कोण जाणे, डोक्यातून जात नाही.

मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "मे अखेरपर्यंत बघू. नाही जमलं तर जागा सोडून देऊ. सगळे आपापल्या घरून करतील, तसंही तेच करतायत."

तू म्हणाला होतास आठवडाभर बस. मी बसले नाही.

तुझी भाची


१० एप्रिल

प्रिय फूटपट्टी,

ती बाई क्षणभर उशिरा का हसते, ते मला माहीत आहे. तिला विनोद ऐकू आलेला नसतो. बाकीचे हसताना दिसतात, म्हणून ती हसते.

हे मला कसं माहीत, ते कुणाला सांगितलेलं नाही. मामीला थोडंफार ठाऊक आहे. तुला सांगतो.

शेड टाकण्याआधी मी वीस वर्षं कपाटांच्या कारखान्यात होतो. करवतीच्या मशीनवर. तेव्हा कानात कापूस घालणाऱ्याला आम्ही नाजूक म्हणायचो. पंचेचाळिशीत डावा कान गेला, मग उजवाही निम्मा गेला. समोर एकच माणूस असला आणि त्याचं तोंड दिसत असलं तर मी सगळं समजतो. तुला कधी शंकाही आली नाही ना? पण दर सोमवारी साहेब पत्र्याच्या छताखाली सगळ्यांना गोळा करायचे, पंचवीस माणसं लांबलचक बाकांवर. मी त्या टोकाला. सगळे हसले की हसायचो, सगळ्यांनी मान डोलावली की डोलवायचो. एकदा मी वर्षभर डोकं लढवून काढलेली सांध्याची नवी रीत सांगायला उभा राहिलो, तर विषय केव्हाच पुढे गेला होता. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी बसलो. सहा महिन्यांनी नोकरी सोडली. लोक म्हणाले, याला स्वतःचा धंदा करायची घमेंड आली. मीही म्हटलं, होय, आली. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा घमेंडखोर बरा.

फोनवर तर तोंडही दिसत नाही. म्हणून माझे हात भरलेले असतात.

आणि तुझं लग्न ठरलं तो दिवस. लांब टेबल, वीस माणसं, सगळी एकदम बोलणारी. तुझ्या सासऱ्यांनी मला काहीतरी विचारलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हटलं, "हो हो, अगदी!" आणि त्यांचा चेहरा असा उतरला, की मी तसाच हात धुवायला उठलो. मी काय कबूल करून बसलो, ते आजवर मला माहीत नाही. तुझ्यावर राग कसला? पळून आलो, एवढंच. तू रेघा ओढायला लागलीस तेव्हा मला बरंच वाटलं होतं. रेघ ओढताना आवाज होत नाही.

आता कामाचं. तुझं टेबल वाईट नाही, लांब आहे. त्याच्या टोकाला माणूस हरवतो. आणि स्क्रीनमधली माणसं म्हणजे तर सगळ्यात लांबचं टोक. आधी त्या बाईकडे जा. तिच्या शेजारी बसून, तिच्या बाजूने एक मीटिंग ऐक. मग लिही.

मामा


१९ एप्रिल

माझ्या मामा,

पत्र वाचून आधी रडले, मग इतकी हसले की नवरा धावत आला. सासऱ्यांनी त्या दिवशी काय विचारलं होतं माहितेय? "तुम्ही काहीच जेवत नाही आहात, आमच्याकडचं जेवण आवडलं नाही का?" आणि तू म्हणालास, "हो हो, अगदी!"

दोन वर्षं ते घरी सांगतायत, माणूस फटकळ आहे पण खरं बोलतो. मी त्यांना खरी गोष्ट सांगितली. ते हळूच म्हणाले, "मलाही उजव्या कानाने जरा कमीच येतं." सासूबाई म्हणाल्या, "जरा?"

मी तुझ्याबद्दल काय काय मनात धरून बसले होते, ते आता लिहवत नाही. तू ते वाचलंसच आहेस.

परवा तपासनीसबाईंकडे गेले. चार तासांचा प्रवास. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, खिडकीशी छोटं टेबल, भिंतीवर बारा वर्षांपूर्वीच्या सहकाऱ्यांचा फोटो. मला आधी वाटलं त्या दारच उघडणार नाहीत. मी म्हटलं, "ते ऑफिस मी केलंय." त्या म्हणाल्या, "मग आत या. तुम्हाला ऐकवतेच."

मंगळवारची मीटिंग आम्ही दोघींनी मिळून ऐकली. मामा, मी माझं डिझाईन ऐकलं! खुर्ची सरकली की कानात करवत चालल्यासारखं. टेबलाच्या मध्यापलीकडचं एकही वाक्य पुरं नाही. दिसत काय होतं, तर वरून सहा डोक्यांचे मागचे भाग आणि एक टक्कल. मधेच सगळे हसले. मी तपासनीसबाईंकडे बघितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आज तुम्ही आहात, आज नाही हसायची."

मग मी त्या नकाशाचं विचारलं. त्या उठल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "व्हॉल्व्ह डावीकडे आहे असं मी सांगितलं होतं. दोनदा. पहिल्यांदा कुणीतरी 'काय?' म्हणालं आणि तेवढ्यात दुसरंच कुणी बोलायला लागलं. दुसऱ्यांदा कुणी 'काय?'सुद्धा म्हणालं नाही. मग मला वाटलं, माझंच चुकत असेल."

मी परत येऊन मॅडमना शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी त्या नकाशाच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग काढून ऐकलं, आवाज वाढवून. आहे, मामा. दोन्ही वेळा आहे. अगदी बारीक, कपबशांच्या आवाजाखाली. मॅडमनी तिथल्या तिथे तपासनीसबाईंना फोन लावला आणि माफी मागितली. राजीनामा महिनाभर बाजूला ठेवायला त्या कबूल झाल्यात, पुढचं पुढे.

आता मला सांग, काय करू?

तुझी भाची


२५ एप्रिल

प्रिय फूटपट्टी,

"हो हो, अगदी" हे मामी आता दर जेवणाला म्हणते. सासऱ्यांना सांग, जेवण उत्तम होतं. मी खरंच खाल्लं नव्हतं.

टेबल फेकू नकोस. अठराचे तीन सहा-सहाचे होतील. प्रत्येकाला स्क्रीनच्या बाजूला रुंद आणि लांबच्या बाजूला निमुळतं कापायचं, म्हणजे पुढच्याचा खांदा मागच्याच्या तोंडावर येत नाही. इथल्यांना सगळी तोंडं दिसतात आणि स्क्रीनमधल्यांनाही. स्क्रीन भिंतीवर टांगू नकोस, ते काय घड्याळ आहे? बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला आण, टेबलाशीच. माइक टेबलाच्या मध्यावर. तीन टेबलांना तीन खोल्या, दार बंद होणाऱ्या. भिंतींना जाड कापड, खुर्च्यांच्या पायांना नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे तुकडे, खाली जाजम.

कापायचं काम दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. सहा मेला मी येतो. मामीही येते म्हणते, माझ्यावर नजर ठेवायला.

मामा


४ जून

प्रिय मामा,

तुम्ही दोघं गेलात आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. तू इथे होतास तोवर सगळं तुझ्यासमोर झालं, पण शेवटचं तू बघितलं नाहीस, म्हणून सविस्तर लिहिते.

अजून लोक तुझं नाव काढतात. तू पहिल्या दिवशी अठराच्या अठरा खुर्च्यांवर एकेक करून बसलास आणि प्रत्येक माणसाला एकच प्रश्न विचारलास, "इथून तुला कोण दिसत नाही?" टीमच्या प्रमुखाला आधी हसू आलं होतं. मग तो स्वतःच्या खुर्चीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. आता तोच नव्या माणसांना बसवून विचारतो.

हॉलचे कसे भाग केलेत ते तुला माहीतच आहे. चहाच्या मशीनजवळचा कोपरा आता मोठ्याने बोलायचा, खिडकीकडचा गप्प बसायचा. टांगत्या खुर्च्या गप्पवाल्यांकडे गेल्यात. वारही ठरलेत: नकाशा काढणारे आणि जागेवर जाऊन मोजणारे मंगळवारी एकत्र येतात, म्हणजे आलं की ज्याच्याशी काम आहे तो समोर असतो. मॅडम म्हणाल्या, "इतकी साधी गोष्ट आम्हाला सुचली कशी नाही?" मलाही सुचली नव्हती.

गेल्या मंगळवारी मधल्या खोलीत पाच जण, स्क्रीनवर तपासनीसबाई आणि आणखी एक. मी मागे उभी. प्रमुख भराभर सांगत होता. निम्म्यावर स्क्रीनमधून आवाज आला, "थांबा."

मोठ्याने नाही म्हणाल्या. नेहमीच्या बोलण्यातच.

आणि तो थांबला, मामा. पाचही जणांनी मान वळवली, वर नाही, समोर. त्या म्हणाल्या, "तुमचा हा नळ शाळेच्या पायऱ्यांवरून चाललाय. मुलांसाठी धबधबा काढताय का?" आणि हशा पिकला. इथून तिथे आवाज पोहोचायला जो क्षण लागतो, तो या वेळी आमच्या वाट्याला आला. त्या आधी हसल्या, आम्ही मागाहून.

मीटिंग संपल्यावर मॅडमनी विचारलं, "राजीनाम्याचं काय करायचं?" तपासनीसबाई म्हणाल्या, "कसला राजीनामा? मला ऐकू आलं नाही." मॅडमनी जागा आणखी तीन वर्षांसाठी ठेवलीय. आणि मला त्यांच्या दुसऱ्या गावच्या ऑफिसचं काम दिलंय. या वेळी आधी आठवडाभर बसणार आहे.

आता तुझं. इथे असताना तुला दाखवलं, त्या कानांच्या डॉक्टरांनी ऐकायचं यंत्र दिलंय ना? मामी म्हणते, तू ते डबीत ठेवून डबी कपाटात ठेवलीस. ते डबीला ऐकू यावं म्हणून दिलेलं नाही.

तुझी भाची


१६ जून

प्रिय फूटपट्टी,

यंत्र लावतो. ओरडू नकोस, आता ऐकू येतं.

पहिले दोन दिवस जीव नकोसा झाला. कागद चुरगळला की वीज पडल्यासारखं वाटायचं. माझ्याच चपलांना मी दचकत होतो. मामीने भांडी घासायला घेतली की मी अंगणात जायचो. तिसऱ्या दिवशी रंधा मारायला घेतला आणि थांबलो. लाकडाचं साळपट निघताना ती बारीक सळसळ असते, ती मी विसरूनच गेलो होतो. मग उगाच एक फळी घेतली आणि गरजेपेक्षा जास्त तासली. कामाची राहिली नाही. हरकत नाही.

तुझ्या नव्या कामात टेबलं लागतील तेव्हा कळव. छान आहे. बघ, एवढंच म्हणून थांबलो.

एक सांगायचं आहे, पण मामीला कळवू नकोस. परवा दुपारी साडेचारच्या सुमारास मी शेडमध्ये होतो आणि ती खिडकीखाली झाडांना पाणी घालत होती. कुणीतरी गात होतं. मला वाटलं शेजारी रेडिओ लागलाय. वाकून बघितलं तर मामी. एकटीच, हातात झारी, अगदी हळू गुणगुणत होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. ती रोजच गात असणार, तिच्या चेहऱ्यावरून तसंच वाटत होतं.

मी तसाच मागे सरकलो. लाजली तर थांबायची. आता दुपारी साडेचारला मी करवत बंद ठेवतो.

मामा